उमज शेकडा नऊ

आकलनपट्ट्यांचे खोके आमच्या शाळेत आले, त्या दिवशी मी शिक्षकखोलीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं की एकतीस वर्षं मी पोरांच्या तोंडाकडे बघून ओळखतेय, कुणाला कळलं आणि कुणाला नाही. त्यासाठी कुणाच्या कपाळाला रबर बांधायची मला गरज नाही. सगळे हसले. आमचे मुख्याध्यापक पाटोळे सर, तेही हसले, कारण माझ्या विनोदाला न हसणं त्यांना परवडत नाही. मी कालिंदी साळुंखे. विट्याच्या या शाळेत सातवीला गणित शिकवते आणि नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकांना शिकवावं कसं, ते शिकवते. माझ्या हाताखालून बावीस जण गेले आणि बावीसच्या बावीस कायम झाले. हे मी त्या दिवशीही सांगितलं असणार, कारण दर दोन दिवसांनी मी ते सांगायचेच.

पट्ट्या घेऊन सांगलीहून डॉ. निलोफर मुजावर आल्या होत्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, बोलायला मऊ आणि कामाला पक्क्या. त्यांनी एक पट्टी स्वतःच्या कपाळाला लावली आणि समजावून सांगितलं. पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश निघतो, कपाळाच्या हाडातून दीड-दोन सेंटिमीटर आत जातो आणि त्यातला थोडा परत येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धावतं, आणि ताज्या रक्तातून परत आलेला प्रकाश किंचित वेगळा असतो. तो फरक पट्टी मोजते. माणूस एखाद्या गोष्टीशी झटत असला की पडद्यावरची रेघ चढत जाते, आणि ती गोष्ट डोक्यात बसली की काही सेकंदांत एका ठरावीक तऱ्हेने उतरते. हजारो मुलांवर तपासून त्यांनी या चढ-उताराला नाव दिलं होतं, उमज. तासाभरात वर्गातल्या शेकडा किती मुलांना निदान एकदा तरी उमज आली, तो त्या पाठाचा आकडा.

दोन गोष्टी त्यांनी बजावून सांगितल्या. पहिली अशी, की पट्टीला विचार वाचता येत नाहीत आणि कुठल्या मुलाच्या कपाळाला कुठली पट्टी होती हे यंत्र कुठेच लिहून ठेवत नाही. पालकांनी त्याच अटीवर होकार दिला होता. पडद्यावर ठिपके दिसतील, नावं कधीच दिसणार नाहीत. दुसरी गोष्ट मी ऐकलीच नाही. तेव्हा मी आमच्या शिपायाला, जालिंदरला, चहाचे किती कप लागतील ते बोटांनी खुणावत होते. ऐकलं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं.

ईश्वरी तुपे माझ्याकडे आलेली तेविसावी. चोवीस वर्षांची, सडसडीत, घरी बापाचे यंत्रमाग. मागांच्या खडखडाटात वाढलेली पोरं एक तर ओरडून बोलतात, नाहीतर बोलतच नाहीत. ही न बोलणाऱ्यांतली. पण कॉलेजात असल्यापासून मागावरच्या कामगारांची पोरं गोळा करून ती पडवीत शिकवायची, आणि पाच वर्षांत त्यातलं एकही पोर शाळा सोडून गेलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी तिला जरा दरडावून विचारलं होतं की एवढा बारीक आवाज घेऊन मास्तरकीत कशाला आलीस. ती म्हणाली, "बाई, मला दुसरं काही करावंसं वाटतच नाही." पुढे काही नाही. मला ते आवडलं होतं, पण मी तसं दाखवलं नाही.

तिची वेळ मात्र वाईट होती. आधीच्या बावीस जणांना माझा शेरा पुरला होता. नव्या नियमात तीन मोजलेले पाठ, त्यांची सरासरी पन्नास. तेवढी भरली तर कायम. नाही भरली तर शिक्षकांच्या यादीतून नाव कमी, आणि पुन्हा अर्ज करायचा नाही. म्हणजे या पोरीचं सगळं आयुष्य तीन तासांवर आलं होतं, आणि ते तीन तास बसवून द्यायची जबाबदारी माझी होती.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. चांगल्या शिक्षकाला तीन गोष्टी लागतात असं मी सगळ्यांना सांगत आलेय. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज, छापल्यासारखा फळा आणि दरारा. चौथी गोष्ट आम्ही कागदावर लिहीत नाही. पाठ बसवावा लागतो. नाटक बसवतात ना, तसा. साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी सात-आठ चुणचुणीत पोरांना प्रश्न आणि उत्तरं देऊन ठेवायची. बाकीच्यांना सांगायचं, की प्रश्न विचारला की हात सगळ्यांनी वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. मागे बसलेल्या साहेबाला हातांचं रान दिसतं आणि बाई बरोबर उजव्या हातवाल्यालाच उठवते. ही युक्ती मला माझ्या बाईंनी दिली, त्यांना त्यांच्या बाईंनी दिली असेल. यात कुणाला कधी पाप वाटलं नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरतोच की आपण.

ईश्वरीला ते रुचलं नव्हतं. ती म्हणाली की मग पट्टी मोजणार काय. मी म्हटलं, पोरांना उत्तरं आली म्हणजे कळलंच की, पट्टीला आणखी काय पाहिजे. तिने मान हलवली आणि मी सांगितलं तसं केलं.

पहिला पाठ अपूर्णांकांच्या भागाकाराचा होता. बेचाळीस मुलं, बेचाळीस कपाळांवर निळ्या पट्ट्या. मुजावरबाई आपला पडदा मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर, शेजारी मी. ईश्वरीने विचारलं, तीन भागिले एक द्वितीयांश किती? बेचाळीस हात वर गेले. पृथ्वीराज माने, आमच्या वर्गाचा पहिला नंबर, खणखणीत म्हणाला, सहा. नियम कोणता? दुसऱ्याने सांगितला, उलटा करून गुणायचं. प्रश्नामागून प्रश्न, उत्तरामागून उत्तर, कुठे अडखळणं नाही. मी मनातल्या मनात तिची पाठ थोपटली. शेवटी तिने विचारलं कळलं का, आणि वर्ग एका सुरात म्हणाला, हो बाई.

मुजावरबाईंनी पडदा माझ्यापुढे केला. उमज, शेकडा नऊ. बेचाळिसातली चार मुलं.

मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. त्यांनी शांतपणे सांगितलं, "साळुंखेबाई, ज्याला उत्तर आधीच ठाऊक असतं त्याची रेघ हलत नाही. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एक तर या मुलांना हे आधीपासून येत होतं, नाहीतर बाकीच्यांना काही कळलं नाही. कुठलं खरं, ते पट्टी सांगत नाही." आणि माझ्याकडे बघत राहिल्या. तेव्हाच बोलायचं होतं. एरवी कुणाला दोन शब्द बोलू न देणारी मी पट्ट्या मोजायला लागले. उत्तरं सात जणांना दिली होती. उरलेले पस्तीस जण पूर्ण तासभर हात डावा की उजवा, याच काळजीत होते. गणित ऐकायला कोण मोकळं होतं?

ईश्वरी दाराशी उभी होती. तिने आकडा पाहिला होता. ती आत येऊन फळा पुसायला लागली.

माझा राग कुणावर तरी निघायला हवा होता, तो यंत्रावर निघाला. मी मुजावरबाईंना म्हटलं, नवख्या पोरीवर कशाला जाता, माझा पाठ मोजा. हातच्या कांकणाला आरसा कशाला. मी ऋण संख्यांचा गुणाकार घेतला. उणे गुणिले उणे म्हणजे अधिक, हा माझा गाजलेला पाठ. त्यासाठी मी एक ओळ केलीय, "उणे-उणे भेटले, भांडण मिटले." विट्यातली निम्मी मोठी माणसं मला बाजारात भेटली की अजून ही ओळ म्हणून दाखवतात. त्या दिवशी मी जीव ओतून शिकवलं. फळा असा लिहिला की फोटो काढावा. वर्गाने ओळ तालात म्हटली, उदाहरणं धडाधड सुटली. पोरांना आधी काही पढवून ठेवलेलं नव्हतं, हात खरे होते.

शेकडा चौदा. सहा मुलं.

खुर्चीत बसले ती उठवेना. पाटोळे सर दारातून डोकावले आणि आल्या पावली परत गेले. मुजावरबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी पूर्ण तासाची नोंद पडद्यावर उलगडली. मी बोलत होते तो वेळ निळा, मी गप्प होते तो पांढरा, आणि उमजेचे ठिपके लाल. सगळा पडदा निळा होता. मध्ये एकाच जागी बोटाएवढा पांढरा तुकडा, आणि सहातले पाच ठिपके त्या पांढऱ्यात. मी विचारलं, इथे मी काय केलं? त्यांनी वेळ पाहिली आणि यंत्राने तासाची केलेली ध्वनिफीत लावली. जालिंदरचा आवाज आला. "बाई, सूचना हाय, सही करा."

जालिंदर सूचनावही घेऊन आला होता. मी चष्मा शोधला, सूचना वाचली, सही केली. पन्नास सेकंद लागली असतील. एकतीस वर्षांचा माझा अनुभव एका बाजूला, आणि पोरांना कळलं ते मी सही करत असताना.

मी हसले की रडले, मला सांगता येणार नाही. दोन्ही झालं. मुजावरबाईंनी मग आणखी एक दाखवलं. प्रश्न विचारल्यावर मी उत्तरासाठी किती थांबते ते यंत्राने मोजलं होतं. सरासरी एक सेकंद. रेघ चढून उतरायला पोराला सात-आठ सेकंद तरी लागतात. म्हणजे मी प्रश्न विचारत होते, पोर विचाराला लागत होतं, आणि ते अर्ध्यात असतानाच मी दुसऱ्याला उठवत होते किंवा स्वतःच उत्तर सांगून मोकळी होत होते. दरवेळी मीच त्यांच्या पुढ्यातलं ताट ओढून घेत होते. मुजावरबाईंनी हे काही मला लागेल असं सांगितलं नाही. नुसते आकडे दाखवले आणि पाणी प्यायला दिलं.

घरी जाऊन आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. हे पेपर वाचत होते. माझं पुरतं सांगून झाल्यावर म्हणाले, "मला तर लग्न झाल्यापासून जे काही सुचलंय, ते तू चहा टाकायला आत गेलीस की सुचलंय." दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्यांना त्या चहासकट बाहेर काढलं असतं. त्या दिवशी मी विचारलं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाही? ते म्हणाले, सांगायला मधे जागा कुठे होती.

दुसऱ्या पाठाला दहा दिवस होते. मी ईश्वरीला बोलावलं आणि म्हटलं की मी तुला जे शिकवलं त्यातला फळा तेवढा ठेव, बाकीचं विसर. ती घाबरली. मग मी तिला विचारलं, जे मी आधी कधी विचारलं नव्हतं, की पडवीतल्या पोरांना तू कसं शिकवायचीस? ती म्हणाली, मागांच्या आवाजात बोलून ऐकू जायचं नाही, म्हणून ती पाटीवर एक प्रश्न लिहायची आणि पोरांच्यात जाऊन बसायची. पोरं करायची, चुकायची, ती बघत राहायची. चूक कुठून आली ते कळलं की पुढचा प्रश्न त्यावरच लिहायची. हे ती असं सांगत होती की जणू काही विशेष नाही. आणि मी या मुलीला घसा साफ करून बोलायला शिकवत होते.

दहा दिवस आम्ही एकच सराव केला, थांबण्याचा. रिकाम्या वर्गात ती प्रश्न विचारायची आणि मी घड्याळ लावून बसायचे. तिला आठ सेकंद सहज जमायची. मला बसल्या जागी जमत नव्हती. पाचव्या सेकंदाला माझ्या तोंडातून काहीतरी निघायचंच. शेवटी मी तोंडात लवंग धरून बसायला लागले.

दुसऱ्या पाठाला आदल्या दिवशी कुणालाही काही सांगितलं नाही. तोच भागाकार, पण या वेळी नियम फळ्यावर नव्हता. ईश्वरीने विचारलं, तीन भाकरी आहेत, प्रत्येकाला अर्धी द्यायची, किती जण जेवतील? सहा, हे सगळ्यांना आलं. मग तिने फळ्यावर लिहिलं, तीन भागिले अर्धा बरोबर सहा, आणि विचारलं, यात कुणाला काही खटकतंय का? आणि ती थांबली.

वर्गात असली शांतता मी कधी होऊ दिली नव्हती. मी तोंडातली लवंग दाताखाली धरली. दहा सेकंद झाली, बारा झाली. खिडकीजवळच्या बाकावरून आराध्या शितोळे उठली. तिचे वडील सोनं गाळायच्या धंद्यासाठी तमिळनाडूत गेलेले, म्हणून ही पोर कोइमतूरला वाढलेली, दोन वर्षांपूर्वी गावी आलेली. मराठी अडखळत बोलते म्हणून वर्गात तोंड उघडत नसे, आणि मी तिला ढ समजत होते. ती एक-एक शब्द शोधत म्हणाली, "भागलं की कमी व्हायला पाहिजे. हे वाढलं. मग हे चूक आहे."

मी असते तर म्हटलं असतं, चूक कशी, बस खाली. ईश्वरी म्हणाली, "मलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं. आणखी कुणाकुणाला वाटतं?" वीस-बावीस हात वर गेले. कुठला हात डावा, कुठला उजवा, याचं कुणाला भान नव्हतं. मग ती खाली पोरांच्यात जाऊन बसली. कुणी भाकरीची चित्रं काढली, कुणी भांडायला लागलं. भागणं म्हणजे लहान करणं नाही, एवढ्यात तेवढे किती मावतात ते बघणं, हे आराध्याने स्वतःच चित्रावर बोट ठेवून शेजारणीला सांगितलं. मुजावरबाईंच्या पडद्यावर लाल ठिपके एकामागून एक उमटत होते. शेकडा सत्तावन्न.

तिसरा पाठ महिन्याने झाला. शेकडा एकोणसत्तर. अख्ख्या जिल्ह्यात तेवढा कुणाचा आला नव्हता. पाटोळे सरांनी पेढे मागवले. पेढा तोंडात टाकता टाकता माझ्या डोक्यात बेरीज झाली. नऊ, सत्तावन्न, एकोणसत्तर. एकशे पस्तीस. भागिले तीन, पंचेचाळीस.

ईश्वरीने ती बेरीज माझ्या आधीच केली होती. ती पेढ्याचा खोका घेऊन सगळ्यांना वाटत होती, आणि स्वतः एकही घेत नव्हती.

मी मुजावरबाईंना फोन करून विचारलं, यातून वाट आहे का? त्यांनी नियम वाचून दाखवला. पाठात आधीपासून काही लबाडी झाली असेल आणि ती मार्गदर्शकाच्या सांगण्यावरून झाली असेल, तर मार्गदर्शकाने तसं लेखी द्यायचं. तो पाठ रद्द होतो आणि सेवकाला नवा मिळतो. मार्गदर्शकाचं काय होतं, हे मी विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं. मार्गदर्शकपद जातं, आणि त्याला स्वतःला तीन मोजलेले पाठ द्यावे लागतात, दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली.

पाटोळे सरांनी मला परोपरीने समजावलं. म्हणाले, बाई, सेवानिवृत्तीला दोन वर्षं उरलीत. दिवाणखान्यात आदर्श शिक्षिकेची पाटी आहे. सगळ्याच शाळांत पाठ बसवतात, तुम्हीच एकट्या कशाला गावभर सांगत सुटता? आपलं झाकून ठेवावं. ते काही वाईट मनाने बोलत नव्हते. आणि खरं सांगायचं तर दोन दिवस मलाही ते पटत होतं. पोरगी हुशार आहे, दुसरं काहीतरी करेल, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण तिने मला सांगितलं होतं की तिला दुसरं काही करावंसं वाटत नाही, आणि ते मी विसरायचा प्रयत्न करूनही विसरले नाही.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शिक्षकखोलीत बसून लिहायला घेतलं. पहिलं वाक्य लिहिलं की पाठ माझ्या सांगण्यावरून बसवला होता. थांबावंसं वाटेना. मग हेही लिहिलं की त्याआधी बावीस जणांना मी हेच शिकवलं, आणि त्यांच्या वर्गांत आज काय चाललं असेल ते मला माहीत नाही. ईश्वरी माझ्यामागे उभी राहून वाचतेय हे मला कळलंच नाही. ती म्हणाली, "बाई, मला 'नाही' म्हणता आलं असतं. तरी मी म्हटलं नाही."

मी तिला बस म्हटलं. सांगितलं की नाही म्हणायची मोकळीक मी कधी कुणाला दिली नाही, तुलाही नाही. विद्यार्थ्याला नाही म्हणता येत नसेल तर तो दोष शिकवणाऱ्याचा. तिने ऐकून घेतलं, आणि संध्याकाळी स्वतःचंही एक पत्र लिहून सांगलीला पाठवलं. मला ते मुजावरबाईंकडून कळलं. मी तिच्यावर भयंकर चिडले. मग घरी जाऊन ह्यांना सांगितलं, की अशी पोरगी माझ्या पोटी आली असती तर मी धन्य झाले असते.

निकाल यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात बातमी गावभर झाली. बाजारात माझी ओळ म्हणून दाखवणारे एक-दोघे मला बघून भाजीत डोकं घालायला लागले. बावीसपैकी चौघांचे फोन आले. दोघांनी शिव्या तेवढ्या द्यायच्या बाकी ठेवल्या. एक जण, जतकडे असतो, म्हणाला की मीही एकदा पोरांना आधी न सांगता पाठ घेऊन बघतो. एकीने फोन ठेवताना रडू आवरलं नाही, आणि मीही तिला रडू दिलं.

पहिला पाठ रद्द झाला. ईश्वरीला नवा मिळाला, त्यात शेकडा बासष्ट आले. ती कायम झाली. तिचा बाप शाळेत आला, मागाच्या धाग्यांनी भरलेल्या शर्टातच, आणि मला हात जोडले. मी म्हटलं, अहो, मला कशाला, माझ्यामुळेच तर तिचं बुडत होतं. त्यांना बहुधा ऐकू आलं नाही. ते हसत राहिले.

माझं मार्गदर्शकपद गेलं. माझ्या तीन पाठांसाठी कुणाच्या हाताखाली राहायचं याचं पत्र आलं तेव्हा पाटोळे सरांनी ते मला द्यायला अर्धा दिवस लावला. नियमाप्रमाणे मार्गदर्शक कायम झालेला आणि साठीच्या वर सरासरी असलेला हवा. आमच्या शाळेत असं एकच माणूस होतं. मी पत्र घेऊन ईश्वरीकडे गेले आणि विचारलं, मला घेणार का? ती इतकी लाजली की मलाच तिची दया आली. मग तिने निरीक्षण वही काढली आणि पहिल्या पानावर माझं नाव लिहिलं.

माझा पहिला पाठ गेल्या गुरुवारी झाला. शून्याने भागता का येत नाही, हा प्रश्न. मागच्या बाकावर मुजावरबाई आणि ईश्वरी. मी फळ्यावर सहा भागिले शून्य एवढंच लिहिलं, विचारलं, आणि टेबलाची कड धरून उभी राहिले. खरं सांगते, आयुष्यात एवढा कठीण पाठ घेतला नाही. पोरं माझ्याकडे बघत होती, आता बाई सांगणार म्हणून. मी सांगितलं नाही. कुणी म्हणालं शून्य, कुणी म्हणालं सहा. मी चूक म्हटलं नाही, का वाटतं ते विचारलं. चार वेळा थांबले. पाचव्या वेळी राहवलं नाही आणि उत्तर माझ्या तोंडून सुटलं. शेकडा अडतीस. ईश्वरीने वहीत शेरा लिहिला, "बाई चार वेळा थांबल्या. आवाज नेहमीपेक्षा छान वाटला." अडतीस म्हणजे नापासच. पण चौदावरून अडतीस, या वयात.

तास सुटला. पोरांनी पट्ट्या काढून खोक्यात टाकल्या, मुजावरबाईंनी खोकं बंद केलं, सगळे बाहेर गेले. मी फळा पुसत होते. मागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून वळले, तर पृथ्वीराज माने. पहिल्या बाकावरचा, पहिला नंबर, प्रत्येक प्रश्नाला हात वर. दप्तर पाठीवर, नजर खाली.

त्या तासाला सोळा मुलांना उमज आली होती, म्हणजे सव्वीस जणांना आली नव्हती. ते सव्वीस कोण, हे कुठल्याही यंत्राने मला सांगितलं नसतं.

तो म्हणाला, "बाई, मला न्हाई कळलं."

एकतीस वर्षांत हे वाक्य माझ्या वर्गात कुणी माझ्यासमोर उच्चारलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि ते त्याला दिसले तर पोरगं घाबरून पळून जाईल म्हणून मी फळ्याकडे तोंड केलं. मग बाक ओढला, त्याच्या शेजारी बसले आणि विचारलं, कुठे अडलं ते सांग. आणि तो सांगायला लागेपर्यंत गप्प राहिले.